गाडीच्या काचेची रबर पट्टी घरी बदलायची तर: मृगाआधी उरकायचं काम

काच खाली घेऊन परत वर केली की तिच्यावर उभ्या रेघा उमटतात. पावसात दार उघडलं की हात टेकायच्या जागी ओलं लागतं. कोल्हापूरला जाताना हायवेवर ऐंशीच्या पुढं गेलं की कानाशी बारीक शिट्टी वाजायला लागते. या तिन्हींतलं एक जरी तुमच्या गाडीत होत असेल, तर काचेच्या कडेचं रबर संपत आलंय. बेळगाव-खानापूर पट्ट्यात गाडी आठ-दहा वर्षांची झाली की हे व्हायचंच. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, मग चार महिने पाऊस. धूळ रबराच्या ओठात अडकते आणि काच खाली-वर होताना पॉलिश पेपरसारखी घासते. उन्हानं रबर कडक होतं, आखडतं, टोकाला भेगा पडतात आणि कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट दिसायला लागते.

हे काम घरी होतं. गॅरेज लागत नाही, मोठी हत्यारंही लागत नाहीत. मात्र एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या, कारण ती न कळल्यानं मी स्वतः दोन पावसाळे घालवले: काचेच्या तळाशी असलेली बाहेरची पट्टी पाणी अडवत नाही, ती पाणी पुसते. थोडं पाणी दाराच्या पोटात शिरतंच, कुठल्याही गाडीत, अगदी नव्या गाडीतसुद्धा. दार तसंच बनवलेलं असतं. आत शिरलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. म्हणून नुसती पट्टी बदलून काम अर्धंच होतं. पट्टीखालचा पत्रा आणि दाराखालची भोकं हे उरलेलं अर्धं.

कुठलं रबर गेलंय ते आधी ओळखा

एका दाराला तीन-चार वेगवेगळी रबरं असतात आणि दुकानात जाऊन 'काचेचं रबर द्या' म्हटलं तर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडं बघतच राहतो.

पहिलं, काचेच्या तळाशी बाहेरून दिसणारी आडवी काळी पट्टी. काउंटरवर तिला आउटर वेदर स्ट्रिप म्हणतात, गॅरेजात नुसतं 'बाहेरची पट्टी'. हिच्या आत पातळ लोखंडी पत्रा असतो आणि काचेला टेकणाऱ्या ओठावर मखमलीसारखी लव असते. ही लव झिजली की काचेवर रेघा येतात. दुसरं, तशीच आतली पट्टी, डोअर पॅडला म्हणजे दाराच्या आतल्या कव्हरला लागून. तिसरं, काच ज्या खाचेत चढते-उतरते ते चॅनेल रबर, म्हणजे ग्लास रन. चौथं, दाराच्या चौकटीभोवती बॉडीवर बसवलेलं गुबगुबीत बीडिंग, ज्यावर दार येऊन दाबतं.

कुठलं गेलंय हे शोधायला वर्तमानपत्राची एक पट्टी आणि पाण्याचा तांब्या पुरतो. कागदाची पट्टी चौकटीवर ठेवून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर बीडिंग ठीक आहे, सहज सुटली तर त्या जागी दाब उरलेला नाही. दाराच्या सगळ्या बाजूंनी हे करा, कारण बीडिंग बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यात दबून चपटं झालेलं असतं. मग काच पूर्ण वर करून तांब्यानं काचेवर हळू पाणी सोडा आणि कुणाला तरी आत बसवा. वरच्या कोपऱ्यातून आत थेंब आला तर चॅनेल रबर. काच ओली असतानाच खाली घेऊन वर केली आणि आतल्या बाजूनं पाण्याचा पडदा आला तर पट्ट्या.

पुढच्या काचेचं, म्हणजे विंडस्क्रीनचं रबर घरी काढायला जाऊ नका. आजकालच्या गाड्यांत ती काच चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीचा ती भाग असते. अँबॅसडर किंवा जुन्या जीपसारख्या गाड्यांत ती रबरात बसवलेली असते, पण तेही काम दोन सरावलेल्या माणसांचं.

पट्टी आणताना

आर.सी.चा फोटो मोबाइलवर ठेवा. मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर यावरून बरोबर पार्ट मिळतो. त्याच मॉडेलची दोन वर्षांच्या अंतरानं आलेली पट्टी वेगळी निघू शकते, क्रोमची आणि साधी वेगळी, पुढच्या दाराची आणि मागच्या दाराची तर वेगळीच. डावी-उजवी गाडीत बसून ठरवायची, गाडीसमोर उभं राहून नाही. आपल्याकडं ड्रायव्हरची बाजू उजवी. हे इतकं साधं आहे, तरी चुकीच्या बाजूची पट्टी परत करायला आलेला माणूस मी काउंटरवर पुष्कळदा पाहिलाय.

फुटावर मिळणारं रोलचं रबर दाराच्या कडेला चालतं, बीडिंगला एखाद्या वेळी चालतं, पण बाहेरच्या पट्टीला अजिबात चालत नाही. तिचे हुक आणि क्लिपा त्या गाडीच्या पत्र्यासाठीच बनवलेल्या असतात. डुप्लिकेट आणि ओरिजिनल यांच्या भावात फरक असतो, पण इथं मी ओरिजिनलच सांगेन. स्वस्त पट्टीचं रबर एका उन्हाळ्यात पांढरं पडतं आणि परत तेच काम करावं लागतं.

नवी पट्टी वाकवू नका. आतला पत्रा एकदा मोडला की ती जागा आयुष्यभर वर उचललेली राहते. बेळगावहून खानापूरला एस.टी.नं आणत असाल तर पुठ्ठ्यासकट सरळ आणा, पिशवीत दुमडून नाही.

घरी आल्यावर जुनी काढायच्या आधी नवी पट्टी दारावर जुनीच्या शेजारी धरून बघा. लांबी, टोकाचा आकार, स्क्रूचं भोक असेल तर त्याची जागा. जुळलं नाही तर तसंच थांबा. जुनी पट्टी काढून ठेवून नवीची वाट बघणं मे महिन्यात महागात पडतं, वळीव कधी येईल सांगता येत नाही.

हाताशी काय ठेवायचं

ट्रिम काढायचं प्लॅस्टिकचं चपटं हत्यार मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर बांबूची चपटी तासलेली चीप घ्या, तिची धार पॉलिश पेपरनं मोडून. कागदी मास्किंग टेप, फुली आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, गंजावर मारायचा प्रायमर, गाडीच्या रंगाची टचअपची छोटी बाटली, मगभर साबणाचं पाणी आणि सायकलच्या चाकाची एक आरी, म्हणजे स्पोक. हातमोजे घालाच. दाराच्या पत्र्याची आतली कड ब्लेडसारखी असते.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांनी काही पुसायचं नाही. ही रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ते ऊन-पाऊस चांगलं सोसतं, पण पेट्रोलियमच्या तेलानं फुगतं आणि सैल पडतं. ऑइल-ग्रीसचंही तेच.

काम सकाळी दहा-अकराच्या सुमाराला करा. ऊन लागलेलं रबर मऊ असतं आणि क्लिपा सहज सुटतात. जानेवारीच्या गारठ्यात हेच प्लॅस्टिक तडकतं.

जुनी पट्टी काढणं

काच पूर्ण खाली घ्या, किल्ली काढून खिशात ठेवा. घरात लहान पोरं असतील तर ही किल्ली फार महत्त्वाची, कारण तुमची बोटं काचेच्या फटीत असणार आहेत.

पट्टीच्या खालच्या कडेला लागून दाराच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, अख्ख्या लांबीत. दार उघडून पट्टीचं मागचं टोक बघा. काही गाड्यांत तिथं एक स्क्रू असतो, कधी तो बीडिंगच्या ओठाखाली लपलेला. स्क्रू न काढता ओढलं तर टोकच तुटून हातात येतं. पुढच्या दाराला आणखी एक अडचण असते: पट्टीचं पुढचं टोक साइड मिररच्या खाली गेलेलं असतं. आतून मिररवरचं तिकोनी कव्हर हळूच उपसा, आतले नट दिसतील, साधारण तीन असतात. शेवटचा नट सोडताना दुसऱ्या हातानं बाहेरून मिरर धरून ठेवा. वायरीचा मिरर असेल तर कनेक्टर काढा, नाहीतर मिरर वायरीला लोंबकळेल. काही गाड्यांत मिरर पूर्ण न काढता नट सैल करूनही टोक निघतं.

आता मागच्या टोकापासून सुरुवात. प्लॅस्टिकचं हत्यार पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये सरकवा आणि वर उचला. बाहेर ओढायचं नाही. पट्टी पत्र्याच्या उभ्या कडेवर चापासारखी बसलेली असते. ती वर सरळ निघते, बाहेर ओढलं की पत्र्याची कड वाकते. चार-पाच इंच उचला, मग पुढचे चार-पाच इंच. टक, टक करत क्लिपा सुटतात. एखादी अडली तर जोर लावू नका. तिथं साबणाचं पाणी सोडा, दोन मिनिटं थांबा, पट्टी थोडी मागं-पुढं हलवा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा टेप लावली नव्हती आणि हातात साधा स्क्रूड्रायव्हर होता. एका ठिकाणी तो निसटला आणि रंगावर अर्ध्या इंचाचा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला. नव्या पट्टीखाली तो झाकला गेला, म्हणून मी सोडून दिला. दोन पावसाळ्यांनी पट्टीच्या खालून रंगाला फोड आला, नखानं दाबला तर आतून तपकिरी भुगा निघाला. अर्ध्या इंचाच्या ओरखड्यासाठी शेवटी अख्ख्या दाराचं पेंटिंग करावं लागलं. तेव्हापासून टेप लावल्याशिवाय मी दाराला हात लावत नाही.

पट्टीखालचा पत्रा

इथं घाई करू नका. पट्टी निघाल्यावर जी उभी कड दिसते तिच्यावर वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला असतो. आधी टूथब्रश आणि साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, मग फडक्यानं कोरडं. कोरडं झाल्यावर बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर रंग शाबूत आहे, खरखरीत लागलं तर गंज आहे.

गंज असेल तर काचेच्या फटीत जुनं वर्तमानपत्र कोंबा, म्हणजे भुगा आत पडणार नाही. चारशेच्या पेपरनं गंज घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जा, पण भोवतालच्या चांगल्या रंगात फार शिरू नका. कोरड्या फडक्यानं पुसा. प्रायमरचा पातळ थर द्या, वाळू द्या, मग टचअप रंगाचे दोन पातळ थर. रात्रभर वाळू द्या. हो, म्हणजे काम दुसऱ्या दिवसावर जातं. जाऊ द्या. ओल्या रंगावर पट्टी बसवली तर क्लिपा तोच रंग खरवडून काढतात आणि आपण परत होतो तिथंच. रात्री दारावर प्लॅस्टिक टाका, वळवाचा भरवसा नाही. पत्र्याला भोकच पडलं असेल तर ते डेंटिंगवाल्याचं काम, त्यावर पट्टी चढवून झाकू नका.

दाराखालची भोकं

हे मला आमच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीअण्णांनी शिकवलं. नवी पट्टी लावून मी त्यांना कौतुकानं दाखवायला गेलो होतो. त्यांनी पट्टीकडं एकदा बघितलं, मग खाली वाकून दाराच्या तळाशी बोट फिरवलं आणि म्हणाले, "पट्टी नवी घातलासा, बरं केलासा. पण खालची भोकं बघितलासा काय? पाणी आत गेलं तर जाईल कुठनं?"

दार उघडून तळाची कड बघा. लांबट दोन-तीन भोकं किंवा चिरा असतात, काही ठिकाणी त्यांवर छोटी रबरी झडप असते. सायकलच्या आरीचं टोक वाकवून, धार न ठेवता, हळू आत घाला आणि फिरवा. त्या दिवशी आमच्या मागच्या दारातून आधी काहीच आलं नाही. मग एक लाल गोळा सुटला आणि त्याच्यामागून अर्धा तांब्या तरी पाणी फरशीवर पडलं. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते. त्या चिखलात गुलमोहराची बारीक पानं होती. गाडी ज्या झाडाखाली लावतो त्याची. ती पानं इतकी लहान की झिजलेल्या पट्टीच्या फटीतून सहज आत जातात, तळाशी कुजतात आणि मातीबरोबर बूच बसवतात. दार तळातून सडतं ते यामुळं.

आरी फार खोल घालू नका, आत काचेचं मशिन आणि वायरी असतात. भोक मोकळं झालं की वरून काचेच्या फटीत एक तांब्या पाणी सोडा. खालून धार आली पाहिजे. चारही दारांचं हे करा, पट्टी बदलायची नसली तरी. जांबोटी, कणकुंबीसारख्या जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी तर हे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्याच्या मध्ये, दोन वेळा करावं.

नवी पट्टी बसवणं

पत्र्याच्या कडेवर आणि पट्टीच्या खाचेत साबणाचं पाणी लावा. नव्या पट्टीचं पुढचं टोक आधी मिररखाली नीट सरकवा, मग मागचं टोक जागेवर आहे का ते बघा. दोन्ही टोकं जुळल्याशिवाय मध्ये दाबायचं नाही. लवेचा ओठ काचेच्या बाजूला आणि सरळ आहे, कुठं दुमडलेला नाही, हे बोटानं तपासा. मग पुढून मागं तळहातानं सरळ खाली दाबत या. प्रत्येक क्लिप बसली की टक आवाज येतो आणि तो हाताला जाणवतोही. हातोडी नको. एखादी जागा बसत नसेल तर वर लाकडाची सपाट पट्टी ठेवून तिच्यावर मुठीनं ठोका द्या.

चिकटवायला काहीही वापरू नका. फेविक्विक नको, सिलिकॉन सीलंट तर मुळीच नको. आंबट वासाचा जो सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो वाळताना आम्ल सोडतो आणि पत्र्याला गंज लावतो. शिवाय पुढच्या वेळी पट्टीबरोबर रंगही निघतो. पट्टी चिकटवल्याशिवाय राहत नसेल तर ती चुकीची तरी आहे किंवा पत्र्याची कड वाकली आहे.

स्क्रू, मिरर, कनेक्टर, कव्हर परत लावा. टेप काढा. काच अगदी हळू वर घ्या, अर्ध्यात थांबून बघा, ओठ काचेबरोबर आत ओढला जात नाही ना. एका बटणावर वर जाणारी काच असेल आणि त्यात बोट सापडू नये म्हणून मागं फिरायची सोय असेल, तर नव्या रबराच्या घर्षणानं काच मध्येच खाली येऊ शकते. घाबरू नका. गाडीच्या पुस्तकात काच परत शिकवायची पद्धत दिलेली असते. बहुतेक ठिकाणी काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं.

आतली पट्टी बदलायची तर डोअर पॅड काढावा लागतो. हँडलच्या वाटीतले आणि आर्मरेस्टचे स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. पहिल्याच वेळी हे अंगावर घेऊ नका. पॅडमागं चिकटवलेली प्लॅस्टिकची शीट फाटली तर दारातलं पाणी सरळ पायात येतं, आणि मग रबराला दोष देत बसतो आपण.

चॅनेल रबर आणि बीडिंग

चॅनेल रबर काच खाली घेऊन हातानंच निघतं. वरच्या कोपऱ्यातून बोट घालून ओढा. नवं बसवताना आधी दोन्ही कोपरे, मग वरची बाजू, शेवटी उभ्या बाजू. ओढून लांब करायचं नाही. ओढलेलं रबर महिनाभरात आखडतं आणि कोपऱ्यात परत फट येते. खाचेत थोडा सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा, काच जड चालणार नाही.

बीडिंगचं सूत्रही तेच: ओढू नका. जुनं सोलून काढा, बॉडीची कड स्वच्छ करा, नव्याचा जोड तळाला, उंबऱ्याच्या मध्यावर येईल असा धरा. आधी वरचे दोन कोपरे दाबा, मग खालचे, मग मधला भाग. फुटावरचं असेल तर शेवटी बोटभर जास्त ठेवूनच कापा आणि ते जास्तीचं दाबून बसवा. दार काही दिवस जोरात लावावं लागेल. ते नव्या रबराचं लक्षण आहे, आठवड्यात बसतं. महिन्यानंही दार तसंच जड असेल तर मात्र बीडिंग जाड आलंय.

नंतर

पहिला दिवस गाडी धुवू नका. दुसऱ्या दिवशी तांब्याची परीक्षा परत घ्या: काचेवर पाणी, आत माणूस, खाली भोकांतून धार. तिन्ही बघा.

पुढची देखभाल म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्यानं पट्टीचा ओठ पुसणं, आणि धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर काच लगेच खाली न घेणं. आधी पाणी मारा, मग काच. रबर मऊ राहायला मेडिकलमधलं ग्लिसरीन पाण्यात थोडं मिसळून फडक्यानं लावलं तर पुरतं. खोबरेल तेलानं एक दिवस चमक येते, पण त्यावर आपली लाल धूळ अशी बसते की ती काढताना लव निघून जाते.

पहिल्या दाराला मला अख्खी सकाळ लागली होती, चौथ्याला चाळीस मिनिटं. म्हणून सुरुवात मागच्या डाव्या दारापासून करा. तिथं मिरर नाही, काम सोपं आहे आणि हात बसतो. ड्रायव्हरचं दार शेवटी.